डाव्या खांद्यावरची फेक

अँगस मॅकरे आमच्या चौकडीतला झेलणारा. मी भट्टीवर रिव्हेट, म्हणजे लोखंडी जोडखिळे, लाल करून चिमट्याने त्याच्याकडे फेकायचो. तो पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात बसवायचा. मग ड्यूई हातोडा चालवायचा आणि स्टॅन मागून टेका द्यायचा. एकोणीसशे एकतीस साल. ओहायो नदीवर पूल उभा राहत होता आणि खाली फाटकापाशी रोज शंभरेक माणसं कामासाठी ताटकळत असायची.

अँगस कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचा. बाप आणि दोन भाऊ कोळशाच्या खाणीत दगावले, म्हणून यानं उंचावरचं काम धरलं. बावीस वर्षं झेलत होता. ठिणग्यांनी उजवा डोळा आधीच गेला होता. मार्चमध्ये दुपारी जेवताना तो हळूच म्हणाला, "डावाही धुरकट झालाय रे. बायकोला, फ्लोराला, बोललो नाही अजून. तू प्रत्येक रिव्हेट माझ्या डाव्या खांद्यावर टाक. मी डबा तिथंच धरतो."

"आणि चुकला तर?"

"तर नाक भाजेल. तसंही ते कुठं देखणं आहे!"

फेकण्याआधी मी चिमटा भट्टीवर एकदा आपटायचो, म्हणजे त्याला कळायचं. तीस फुटांवरून, दिवसाला पाचशे. वारा असेल तर मनगट थोडं वळवायचं. घरी गेल्यावर खांदा उचलवत नसे. सहा महिन्यांत एकही खाली पडला नाही.

सप्टेंबरात मुकादम क्राउलीने आम्हाला पलीकडच्या तुळईवर हलवलं. अँगसच्या तोंडावर ऊन आलं, लाल ठिपका दिसेना. शेजारी दुसऱ्या चौकडीचा हातोडा धडधडत होता, चिमट्याचा आवाज त्याला ऐकू येईना. पहिला रिव्हेट नदीत गेला. दुसराही. तिसरा त्याची बाही जाळून गेला.

क्राउली आला. "कुणाची चूक?"

"माझी," मी म्हणालो. "फेक वाकडी गेली."

"तुझी? सहा महिने बघतोय मी. तुझी फेक बोटभर हलत नाही." मग त्याने अँगससमोर हात धरला. "म्हाताऱ्या, बोटं किती?"

अँगसने मान पुढे केली. "तीन."

क्राउलीने मूठ मिटली होती.

ड्यूई हातोडा पुसत राहिला. मी भट्टीतले निखारे हलवले. बोललो असतो तर चौघंही खाली फाटकावरच्या रांगेत गेलो असतो, आणि अँगस तरीही गेलाच असता.

दुपारी अँगसच्या जागी फाटकाबाहेरच्या रांगेतला एक धडधाकट माणूस वर आला. माझा पहिला रिव्हेट त्याने कसाबसा झेलला आणि ओरडला, "अरे बाबा, डबा समोर आहे! खांद्यावर काय मारतोस?"

दुसराही तिथंच गेला. हात ऐकेना.

पाच वाजता उतरलो तेव्हा अँगस फाटकापाशी उभा होता, काखेत झेलायचा डबा. माझी चाल ओळखून म्हणाला, "जमतंय का त्याला?"

"जमतंय."

"बरं झालं. मी रांगेत आहे. आतून कुणी बोलावलं तर सांग."

रांग केव्हाच मोडली होती. फाटकाला कुलूप लागत होतं. मी त्याचा दंड धरला आणि त्याच्या घराच्या वाटेला लागलो.