शंभर नंबरी पेट्रोल

बिरवाडीच्या कोंडाजीचा स्वभावच असा, की दारात जे आणलं त्याला काही कमी पडू द्यायचं नाही. गावी बैल होते तेव्हा हा आधी त्यांना पेंड घालायचा, मग स्वतः पानावर बसायचा. कंपनीतल्या बॉयलरवरून निवृत्त होऊन त्याने छोटी टर्बो गाडी घेतली, तेव्हा तिलाही तोच मान मिळाला.

मुंबईत एका साहेबाची गाडी चालवणारा पुतण्या मंगेश पेढा खाता खाता म्हणाला, "काका, टर्बोला साधं पेट्रोल चालत नाय. इंजिन आतून ठोकायला लागतं. शंभर ऑक्टेनचंच टाका."

ते 'ठोकायला लागतं' कोंडाजीच्या काळजात रुतलं. महाडात शंभरचं मिळेना. मग तो थेट नवी मुंबईला जाऊन टाकी काठोकाठ भरू लागला. परत येईपर्यंत त्यातलं बरंचसं वाटेतच जळायचं. उरलेलं जपायचं म्हणून गाडी ताडपत्रीखाली. येसूबाईला वीर स्टेशनला जायचं असलं की नवरा रिक्षा बोलावून द्यायचा.

"अवो, पेट्रोल आणायला पेट्रोल जाळताय," ती म्हणायची, "आणि बायको रिक्षात."

"शंभर नंबरी हाय गो ते. स्टेशनला कशाला घालवायचं?"

पुढे येसूबाईच्या भाचीचा, सेजलचा साखरपुडा ठरला, आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला. दोघं निघाली, आणि पोलादपूरला पोचेपर्यंत काटा तळाला टेकला. पंपावर मिळत होतं ते साधंच.

"माघारी जाऊ," कोंडाजी म्हणाला.

"तुम्ही जा. मी एसटीनं जाते. पण तिथं गेल्यावर आधी सगळ्यांना सांगते, की नवरा पेट्रोलसाठी रुसून घरी बसलाय."

कोंडाजीने मान डोलावली. पंपावरच्या माणसाने नळी आत घातली, तेव्हा पोराला सुई टोचताना बाप तोंड फिरवतो तसं त्याने तोंड फिरवलं.

घाट लागला. कोंडाजीने एसी बंद केला, गाणी बंद केली, बायकोलाही गप्प बसवलं. कान इंजिनाकडे. तिसऱ्या की चौथ्या वळणावर आवाज आला. टक. पुढच्या वळणावर पुन्हा, टक टक.

"ठोकतंय," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

त्याने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. आवाज नाही. गाडी हलली, वळली, की टक. दोनदा थांबून झालं. शेवटी येसूबाई उतरली, तिने डिकी उघडली आणि ओटीसाठी घेतलेला नारळ पिशवीतून निसटून गडगडत होता तो उचलून मांडीवर घेतला.

"चला आता," एवढंच म्हणाली. गाडी उरलेला घाट मुकाट चढली.

मांडवात मंगेश भेटला. कोंडाजीने त्याला बाजूला घेतलं, "साधं टाकलंय रे. काय व्हईल?"

मंगेशने पेट्रोलचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं : किमान ऑक्टेन ९१. साध्या पेट्रोलचं तेवढं असतंच. "अरेच्चा," मंगेश म्हणाला, "काका, मी सायबाच्या जर्मन गाडीचं सांगितलं व्हतं."

कोंडाजीने इतके महिने दर खेपेला डोळे पंपाच्या मीटरवरच्या शून्यावर ठेवले होते. झाकणाकडे कोण बघतो? त्याने पंगत गाठली आणि जिलबीवर राग काढला. येसूबाईने त्या दिवशी नवऱ्यापाशी विषय काढला नाही. रात्रभर माहेरच्यांना सांगायला तिच्याकडे पुरेसं होतं.

आता कोंडाजी बिरवाडीच्या नाक्यावर या विषयातला जाणकार आहे. कोणी नवी गाडी घेतली की चहा मागवून त्याला समजावतो, "टर्बो हवा कोंबतो. दाब वाढला की पेट्रोल येळेआधी पेटतं, तोच ठोका. ऑक्टेन जास्त म्हंजे ताकद जास्त नाय, ते दाबाखाली दम धरतं इतकंच. कंपनीनं सांगितलंय त्याच्या खाली जायचं नाय, आणि उगाच वरही चढायचं नाय."

"तुमाला कसं कळलं हे सगळं?" कोणी विचारलंच, तर तो शांतपणे म्हणतो, "अभ्यास केला."