बुडणारे आणि तरंगणारे टोमॅटो

आचाऱ्याला चव लागत नाही, ही गोष्ट तीन महिन्यांत कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

सुरुवात साध्या तापाने झाली. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही सोबत घेऊन गेला. पाचव्या दिवशी सकाळी त्याने चहाचा घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. बायको आत गेल्यावर त्याने चमचाभर साखर तोंडात टाकली. वाळू. मग मीठ. तेही वाळूच. डबे होते तसे लावून ठेवले आणि तो कामावर गेला.

काम कढईचं. थाई आणि चिनी पद्धतीचे पदार्थ करणारी ती लहानशी खाणावळ. पुढे चौदा टेबलं, मागे अरुंद स्वयंपाकघर, त्यात गरगरणारा पंखा आणि फुत्कारणारा मोठा शेगडा. त्या शेगड्यापुढे तो बावीस वर्षं उभा होता. तिथला नियम असा होता की पदार्थ चाखायचा तो कढईवर असलेल्या माणसानेच. एका पदार्थावर दोन जिभा भांडायला नकोत म्हणून मालकीणबाईंच्या वडिलांनी हा नियम घालून दिला होता, आणि ते गेल्यावरही तो कोणी मोडला नव्हता. हा नियम आचाऱ्याच्या पथ्यावर पडला. तो चमचा ओठाला लावायचा, डोळे बारीक करायचा, मान हलवायचा. कोण विचारणार?

बाकीची लाज बाटल्यांनी राखली. टोमॅटोचा सॉस बाटलीतला, सोया सॉस बाटलीतला, माशाचा खारट सॉससुद्धा बाटलीतलाच. किती पळ्या घालायच्या हे हाताला पाठ. बाटली काल जशी तशी आज. जीभ मेली तरी हात जिवंत होता.

आणि मग एका सोमवारी मालकीणबाईंनी टोमॅटोच्या बाटल्या बंद केल्या.

"दादा, गुरुवारपासून फळ्यावर चार नवे पदार्थ लिहितेय," त्या म्हणाल्या. "टोमॅटो-अंडं, आंबटगोड मासा, कोळंबीचं थाई सार आणि कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर. चारही ताज्या टोमॅटोचे."

"बाटलीला काय झालं?"

"काही झालं नाही, तेच झालं. या गल्लीतल्या सगळ्या खाणावळींची चव एकच. तुमच्यासारखी जीभ घरात असताना मी बाटल्या का ओतू?"

आचाऱ्याने हातातली बाटली खाली ठेवली. तो म्हणाला, "बरं."

"गुरुवारी एक वाजता छापखान्याची बावीस माणसं जेवायला आहेत. साडेबाराला मी स्वतः खाऊन बघणार."

ताजा टोमॅटो म्हणजे काय, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. एकाच पेटीतला एक साखरेसारखा, तर शेजारचा डोळे मिटायला लावणारा. आंबट टोमॅटो अंड्यात गेला तर साखर वाढवायची, गोड टोमॅटो सारात गेला तर लिंबू. किती, ते जिभेलाच विचारावं लागतं. आणि आता विचारायचं कोणाला? खरं सांगावं तर एक्कावन्नाव्या वर्षी, जीभ नसलेल्या आचाऱ्याला, कोण दारात उभं करणार? दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं. तो साधा खिळाही वाकडा ठोकायचा.

मंगळवारी तो भाजीबाजारात गेला. टोमॅटोवाला पिंपातल्या पाण्यात माल धूत होता. काही टोमॅटो तळाशी बसले होते, काही वर तरंगत होते. आचारी बघतच राहिला.

"काय बघता?" टोमॅटोवाला म्हणाला. "बुडतो तो गोड. अंगात साखर भरली की जड होतो. तरंगणारा पोकळ, आंबट."

"नक्की?"

"अहो, माझं आयुष्य गेलं यात. घरी नेऊन खाऊन बघा."

खाऊन बघणं तर शक्य नव्हतं. त्याने घरी जाऊन दोन्हींतली एकेक फोड बायकोपुढे धरली. पहिली खाऊन ती म्हणाली, "छान आहे, गोड." दुसरी खाल्ली आणि तिचा एक डोळा बंद झाला. "हा आंबटढाण! मला कशाला खायला घालताय? तुम्हाला कळत नाही का?"

"तुझी परीक्षा घेतली," तो म्हणाला. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

गुरुवारी सकाळी लवकर येऊन त्याने टब भरला आणि पेटीतले सगळे टोमॅटो पाण्यात सोडले. बुडालेले पिवळ्या टोपलीत, अंड्यासाठी आणि माशासाठी. तरंगलेले हिरव्या टोपलीत, सारासाठी आणि कोशिंबिरीसाठी. कुठली टोपली कशाला, एवढं त्याने मनात पक्कं केलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मग गॅसच्या टाकीची काहीतरी अडचण निघाली आणि तो दीड तास त्यात अडकला.

परत आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. भाजी निवडणाऱ्या मावशी ओट्याशी उभ्या होत्या. चौदा वर्षं त्या चिरण्या-सोलण्याचं काम करत होत्या आणि कामाला वाघ होत्या. त्यांच्यापुढे एक मोठी परात होती. परातीत टोमॅटो. सगळे गरम पाण्यातून काढून सोललेले, चार-चार फोडी केलेले.

आचारी ओट्याकडे धावला. "मावशी, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? वेळेत चिरून ठेवले. बघ कसे चकाकतायत."

"दोन टोपल्या होत्या ना!"

"होत्या की. एकाच पेटीतल्या मालाला दोन टोपल्या कशाला अडवायच्या? मी मऊ एकीकडे घेतले, कडक एकीकडे. कुटायला कडकच लागतात, तूच शिकवलंस." त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "का रे? एवढा पांढरा का पडलास?"

"काही नाही."

त्याने परातीत हात घातला. फोडी गार होत्या, गुळगुळीत होत्या, आणि गोड-आंबट ओळखायला सगळ्या सारख्याच होत्या. आता त्या बुडवून पाहण्यात काही अर्थ नव्हता. नवी पेटी आणायला वेळ नव्हता. घड्याळाचा काटा तर जणू पैज लावून पळत होता.

त्याने कढई तापवली. हाताला येतं ते आधी. फेटलेली अंडी तेलात पसरली, अर्धी कच्ची असतानाच काढून बाजूला ठेवली. आलं, पातीचा कांदा, मग टोमॅटो. टोमॅटो पाणी सोडू लागले, फोडींच्या कडा विरघळल्या, रस दाट झाला, तांबूस बुडबुडे येऊ लागले. अंडी परत आत. इथवर चूक नव्हती. पण साखर किती? त्याने चमचा रसात बुडवला, ओठाला लावला. गरम. बस, एवढंच कळलं.

बाहेर टेबलं सरकवल्याचे आवाज येत होते. मान हलवून टाकावी, वेळ मारून न्यावी, असं मनात आलं. पण बावीस ताटल्या आहेत, आणि बावीस ताटल्यांत काय जाणार आहे हे जगात कोणालाच माहीत नाही, हा विचार त्याला सोडवेना. त्याने चमचा मावशींपुढे धरला.

"चाखा."

"मी? नियम काय आहे?"

"चाखा म्हणतो ना."

मावशींनी दाराकडे पाहिलं, मग पटकन चाखलं. "आंबट आहे."

"किती? कुठे लागतं? जिभेच्या कडेला, का घशाशी?"

"कानाखाली."

"कानाखाली?"

"कोणी ओढून वाजवल्यासारखं."

एरवी तो हसला असता. त्याने साखरेची मोठी चिमूट टाकली, कढईतलं वर-खाली केलं. "आता?"

"अजून झोंबतंय."

आणखी एक चिमूट. "आता?"

"आता कान सुटला. छान झालंय रे."

सार उकळत होतं. गवती चहा, थाई आलं, मिरची, लिंबाची पानं. शेवटी कोळंबी आणि टोमॅटो. टोमॅटो सारात शेवटीच घालायचे, म्हणजे फोड अखंड राहते. मावशींनी या वेळी न सांगता घोट घेतला.

"गप्प आहे."

"मिळमिळीत?"

"मिळमिळीत नाही. गप्प. घरात माणसं आहेत पण बोलत कोणी नाही, तसं."

त्याने एक लिंबू पिळलं, खारट सॉसचे चार थेंब टाकले. "आता?"

"बोलायला लागली सगळी."

"दादा, चमचा मावशींच्या हातात कसा?"

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोणास ठाऊक. काहीतरी सांगून निसटता आलं असतं, पण त्याने आच बारीक केली.

"मला चव लागत नाही," आचारी म्हणाला. "वासही येत नाही. तापानंतर गेलं सगळं. तीन महिने झाले."

"तीन महिने?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "म्हणजे तीन महिने तुम्ही न चाखता माणसांना खायला घालताय?"

"बाटल्या होत्या. बाटली चुकत नाही."

"मासळी बाटलीतून येत होती? कोळंबी खराब निघाली असती तर तुम्हाला कळलं असतं?"

खरं म्हणजे हा विचार त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो आपला रोज स्वतःच्या पोटाची काळजी करत होता, दुसऱ्यांच्या पोटाची नाही.

"कोळंबी मी हुंगून घेते," मावशी म्हणाल्या. "सोलताना नाकाशी धरायची सवय आहे मला. मागच्या आठवड्यात पाटीभर परत पाठवली. याला ओट्यावर मिळाली ती चांगलीच मिळाली."

मागच्या आठवड्यातली ती पाटी आचाऱ्याने पाहिलीसुद्धा नव्हती.

बाईंनी वाटीत सार घेतलं, प्यायल्या. "मीठ कमी आहे."

"नाही बाई," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. तरी पुढे म्हणाल्याच, "कोळंबी चावून बघा. मीठ तिच्यात आहे."

बाईंनी कोळंबी चावली. बराच वेळ चावत राहिल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. वाटी खाली ठेवून आचाऱ्याकडे वळल्या. "मावशींच्या तोंडून गेल्याशिवाय यापुढे इथून एकही ताटली बाहेर जाणार नाही. मासळी त्या घेतील. उद्या सकाळी तुम्ही नाकाच्या डॉक्टरकडे जायचं आणि ते काय म्हणतात ते मला खरं सांगायचं. कढईवर तुम्ही राहा, कारण तुमच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. पण शब्द मावशींचा. चालेल?"

बावीस वर्षं त्या खोलीत शेवटचा शब्द त्याचा होता. "चालेल," तो म्हणाला. नोकरी वाचली याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण कोणीतरी अंगावरचा सदरा उतरवून घ्यावा, तसं काहीसं त्याबरोबर वाटलं.

एक वाजता छापखान्याची माणसं आली. मग बोलायला फुरसत नव्हती. तो परतत होता, मावशी चाखत होत्या, वाढपी नेत होता. मासा गेला, कोशिंबीर गेली. अर्ध्या तासाने वाढपी एक ताटली परत घेऊन आला. टोमॅटो-अंडं, दोन घास खाऊन टाकलेलं.

"गोड लागतंय म्हणतात."

मावशींचा चेहरा एकदम उतरला. "गोड? कोण म्हणतो? बोलव त्याला इकडे! मी स्वतः..." त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

आचाऱ्याने तो चेहरा ओळखला. बावीस वर्षं परत आलेल्या प्रत्येक ताटलीला त्याचा चेहरा असाच व्हायचा. गेल्या तीन महिन्यांत मात्र ताटल्या परत आल्या, तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"मावशी, त्याला आंबट आवडत असेल," तो म्हणाला. "बाकीच्या एकवीस ताटल्या रिकाम्या येतात की नाही बघा."

"नाही आल्या तर?"

"तर उद्या साखर कमी घालू. तुम्ही सांगाल तेवढी."

त्याने आच मोठी केली. एकोणीस रिकाम्या आल्या.