लोखंडी कोलँडर

अमेरिकन फुटबॉलमधला कुठला क्वार्टरबॅक जास्त टिकेल, चेंडू झेलणारं कुठलं नवं पोरगं नाव काढेल, यावरून ओहायोतल्या त्या बारमध्ये रोज जुंपायची. शेवटी कुणीतरी म्हणायचंच, “कोलँडरसारखा लोखंडी गडी पुन्हा होणे नाही! एक मॅच चुकवली नाही पठ्ठ्याने. काय हो मर्लकाका?”

मर्ल हॅडझिक कोलँडरच्या संघाचा जुना ट्रेनर, खेळाडूंच्या दुखापती बघणारा. डोक्याला मार बसला की तो खेळाडूला विचारायचा: वार कोणता, समोर संघ कोणता, सामन्याच्या चारपैकी क्वार्टर कितवा? कोलँडरची उत्तरं कधी चुकली नाहीत, म्हणून मर्ल त्याला परत मैदानात धाडायचा.

बुधवारी मर्ल त्याच्या घरी गेला. खुर्चीतला कोलँडर त्याला पाहताच ताठ झाला.

“रविवार. डेट्रॉइट. तिसरा क्वार्टर. मी ठणठणीत आहे, मर्ल. सोड मला.”

मर्लने काहीच विचारलं नव्हतं.

“सकाळपासून घोकतोय,” कोलँडरची बायको म्हणाली. “खेळायचा तेव्हाही प्रत्येक क्वार्टरआधी असंच घोकून ठेवायचा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”