मशीन विचारतंय

साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा सासरचं मराठी ऐकून मला हसू आवरेना. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं शिंप्याचं घर. निम्मं वाक्य मराठीत, निम्मं कन्नडात. मी येता-जाता सगळ्यांचं बोलणं दुरुस्त करायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सासरे तेवढे रागवायचे नाहीत. उभा जन्म त्यांनी पायाने शिलाई मशीन चालवलं. गुडघे गेले तेव्हा ते विकून टाकलं आणि सरस्वतीपुरमच्या आमच्या घरी व्हरांड्यात बसायला लागले. नवरा दिवसभर मेटगळ्ळीच्या कारखान्यात, त्यामुळे त्यांना बोलायला मी आणि त्यांना 'ताता' म्हणणारी माझी लहान मुलगी, दोघीच. थंडीत मी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत शेजारी बसायची. ते माझ्या ब्लाउजची बाही नुसत्या नजरेने मापून म्हणायचे, "अर्धं बोट सैल आहे." असायचीच. त्या दुपारी मला अजून हव्याहव्याशा वाटतात.

मध्येच ते म्हणायचे, "मशीन अजून विचारतंय गं, पोरी. थांबतच नाही."

किती गोड वाटायचं मला! विकलेलं मशीनसुद्धा मालकाची चौकशी करतंय. मी म्हणायची, "विचारणारच. तुमच्याशिवाय करमत नसेल त्याला." ते मान हलवून हसायचे. त्यांचं बाकी सगळं मराठी मी सुधारलं, हे एक वाक्य मात्र तसंच राहू दिलं. पुढे त्यांचं बोलणं कमी झालं, टीव्हीचा आवाज वाढला. वय झालं, म्हणून आम्ही सोडून दिलं.

ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मुलगी कॉलेजातून रडतच आली. हेडफोन तिच्या कानावरून कधी उतरत नाही.

"मम्मी, हेडफोन काढला तरी कानात शिट्टी विचारतेय. परीक्षेला कशी बसू?"

"शिट्टी विचारत नाही, ऐकू येते," मी सवयीने म्हटलं.

"तेच की! कन्नडात 'केळु' म्हणजे ऐकणं पण आणि विचारणं पण. ताता असंच म्हणायचे, अल्वा? हो ना?"

माझं कन्नड बाजारापुरतं. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

जयलक्ष्मीपुरमच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. तिला ऐकू नीट येत होतं. शिट्टीपेक्षा तिच्या भीतीचाच त्रास मोठा होता. "तरुण मुलं घाबरून लगेच धावत येतात," बाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं येतच नाहीत. त्यांचं ऐकणं हळूहळू कमी होतं, त्यासोबत हा आवाज येतो, आणि वयाचं म्हणून ती सोसत राहतात. खरं तर पुष्कळांना कानाच्या यंत्रानेच बराच आराम पडतो."

कानाचं यंत्र. एवढंच करायचं होतं. माझी मलाच लाज वाटली.

रिक्षात मी मुलीला म्हटलं, "तातांनाही हेच होत होतं गं. मला कळलंच नाही."

ती गर्रकन माझ्याकडे वळली.

"मला तर तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुलाही माहीत आहे. तू रोज त्यांना उत्तर द्यायचीस की!"