नेच्याच्या पानामागं

मोरीबाहेरच्या ओलसर सावलीतला नेचा मावशीनं तिच्या विहिरीच्या काठावरून आणून दिलेला. आज सकाळी त्याचं एक पान उलटलं आणि अंगावर काटाच आला. मागं तपकिरी पुळ्यांच्या रांगा, कुणी अंडी घालून ठेवल्यासारख्या. शी! साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुचकळून मी एकेक पान घासलं. एक ठिपका सोडला नाही.

दुपारी मावशी आली. उकिडवं बसून तिनं पान उलटलं.

"ठिपके कुठं गेले गं?"

"घासून काढले. कसली घाण कीड!"

"कीड कसली? त्याचं बी ते. ओल्या विटेवर झाडलं की रोपं धरतात. तेवढ्यासाठीच आले होते. विहीर बुजवली, आता माझ्याकडं एकही नेचा नाही."

जन्माला येणारं सगळं आधी असंच ओंगळ, चिकट, पुळ्यापुळ्यांचं दिसत असावं. आम्हाला मात्र थेट हिरवंगार पान हवं.

सकाळपासून साबणाच्या पाण्यातच पडलेला टूथब्रश मी धावत आणला आणि मोरीजवळच्या ओल्या विटेवर झटकला. नुसता पांढराशुभ्र फेस पडला. मला त्या फेसाचीच किळस आली.