टेस्ट मेल

नगरच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचे मेल सर्व्हर मी लावून देतो. त्यांचे खरे मेल स्पॅममध्ये पडू नयेत, हे माझं काम. सेटिंग झालं की 'टेस्ट' लिहून एक मेल कोपरगावला आईला पाठवायचो. तो कुठं पडला, एवढंच तिनं बघायचं. पण ती तो स्पॅममधून उचलून इनबॉक्समध्ये ठेवायची आणि मग फोन करायची, "कचऱ्यात पडलावतास, काढलं बाहेर. जेवलास का?"

मी चिडायचो. अशानं तिचा इनबॉक्स माझ्या नावाचं काहीही आत घ्यायला शिकला. टेस्टला कुचकामी झाला.

आई गेली. तिचं खातं माझ्या मोबाईलवर चालू ठेवलंय. परवा अर्धवट लावलेल्या सर्व्हरवरून 'जेवलो' एवढंच लिहून पाठवलं. थेट आत गेलं.