बिननावाचा दगड

ओर्फामावशीला बहात्तराव्या वर्षी पासपोर्ट हवा झाला, तेव्हा पाइनी फोर्क या आमच्या खाणगावच्या पोस्टात आधी हशा पिकला. हसणाऱ्यांचं फार चुकलं असंही नाही. नवऱ्याच्या छातीत खाणीची धूळ बसली तेव्हा त्याला घेऊन ती दोन डोंगरांपलीकडच्या दवाखान्यात गेली होती, तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास. तो गेल्यावर घर, चर्च आणि डोंगरमाथ्यावरची घराण्याची दफनभूमी, एवढंच तिचं जग. अशा बाईनं एकदम समुद्रच ओलांडायचा म्हटल्यावर माणसं हसणारच.

"काय मावशी, राणीनं जेवायला बोलावलंय की काय तुला?" खिडकीपलीकडून नोरीननं विचारलं. आमच्या पोस्टात नोरीन एकटीच. टपाल तीच लावते, तिकिटं तीच विकते आणि मंगळवारी दुपारी पासपोर्टचे अर्जही तीच घेते. वर्षाकाठी चार अर्ज आले तर खूप.

"रोवेनाला भेटायचंय," मावशी म्हणाली. "उवेचा फोन आला होता. डॉक्टर म्हणतात, मार्च काही दिसायचा नाही तिला."

मग कुणी हसलं नाही. रोवेना तिची एकुलती एक लेक. सैन्यात नर्स होऊन जर्मनीला गेली आणि तिथंच उवे नावाच्या सुताराशी लग्न करून राहिली. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात यायची, आईच्या हातच्या वाळवलेल्या शेंगा नि मक्याची भाकरी खायची, आणि निघताना म्हणायची, "आता पुढच्या खेपेला तू ये." मावशी म्हणायची, "येते की." असं पंचवीस वर्षं चाललं होतं. आता रोवेनाच्या पोटातलं दुखणं हाडांपर्यंत पोचलं होतं आणि जानेवारीचा पहिला आठवडा सरत आला होता.

नोरीननं अर्ज स्वतःच्या हातानं भरला. भिंतीपुढं उभं करून फोटो काढला.

"हसू नकोस हं मावशी, सरकारला हसलेलं चालत नाही."

"मला कुठं हसू येतंय, बाई."

तिकडच्या विमानतळावरचा साहेब काय विचारेल याचीही नोरीननं तालीम करून घेतली. कशासाठी आलात? मुलीला भेटायला. बस्स. पाल्हाळ लावायचं नाही. मावशी घरी भांडी घासतानाही ते घोकू लागली. मुलीला भेटायला, मुलीला भेटायला.

राहिला जन्माचा दाखला. तो मावशीकडं कधीच नव्हता. तिच्या पिढीत तो लागला कुणाला? शाळेत घातलं तेव्हा मास्तर बापाला ओळखत होता, लग्न लावलं तेव्हा पाद्री दोघांच्याही बापांना ओळखत होता, आणि गाडी तिनं कधी चालवली नाही. नोरीननं राज्याच्या राजधानीला लिहून दाखला मागवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. नोरीननं ते दोनदा वाचलं, खिडकीची पाटी उलटी केली आणि मावशीला आत बोलावलं.

"मावशी, एकोणचाळीस साली ओर्फा मे साइझमोर नावाची मुलगीच जन्मली नाही म्हणतात. छत्तीस साली एक जन्मली. आईबाप तुझेच, खोरंही हेच. आणि…" ती अडखळली. "आणि ती सदतीस साली वारली."

"म्हणजे मी मेलेय?"

"सरकारदरबारी तरी."

"तरीच गुडघे एवढे दुखतात," मावशी म्हणाली. पण बोलता बोलता तिनं खुर्ची ओढून घेतली.

छत्तीस सालची ही ओर्फा कोण, हे सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं. तिचा थोरला भाऊ हायरम. वय त्र्याऐंशी, ओढ्याच्या वरच्या अंगाला एकटा राहायचा. घरचं बायबल, ज्याच्या मागच्या पानावर जन्म-मृत्यू लिहायचे, ते सत्तावनच्या पुरात वाहून गेलं होतं. नोरीननं शहरातल्या पासपोर्टच्या मोठ्या कचेरीला फोन लावला. ते म्हणाले, शाळेची नोंद पाठवा, चर्चची पाठवा, पण बाईंचा जन्म झाला त्या वेळी घरात असलेल्या कुणीतरी शपथेवर सही करायला हवी. ती नसेल तर घाईचे पैसे भरूनही उपयोग नाही.

मावशी त्याच दुपारी बर्फ तुडवत दादाकडं गेली.

हायरम आठवडाभर खाणीत राबायचा आणि रविवारी थडग्यांचे दगड कोरायचा, असा जन्म काढलेला माणूस. खोऱ्यातल्या निम्म्या मेलेल्यांची नावं त्याच्या छिन्नीची. बोलायला मात्र महाकंजूष. त्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या बघू."

"दादा, नुसती सही तर करायचीय."

"उद्या बघू म्हटलं ना, ओर्फे."

उद्या त्याला सर्दी झाली. परवा गाडी सुरू होईना. तेरवा रस्ता निसरडा होता. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची ती कारणं, एक धड वठत नव्हतं. मावशीला ते दिसत होतं आणि तिचा जीव तीळ तीळ तुटत होता. तिकडून उवे रोज फोन करायचा. "ती विचारते, आई निघाली का," म्हणायचा. मावशी सांगायची, "निघालेच म्हणावं."

नवव्या दिवशी ती हायरमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. कोटसुद्धा काढला नाही.

"दादा, माझी लेक मरतेय. तुझ्या पोटात काय आहे ते आज बाहेर काढ, नाहीतर मी इथनं हलत नाही. की सोबत थडग्यात घेऊन जाणार आहेस?"

हायरमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "वर सफरचंदाखाली तो लहान दगड आहे ना? बिननावाचा?"

तो दगड तिला ठाऊक नसायला काय झालं? मे महिन्यातल्या फुलांच्या रविवारी सगळं घराणं डोंगरावर जमतं, थडग्यांवरचं गवत काढतं, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहतं आणि तिथंच चादरी पसरून जेवतं. चालता यायला लागल्यापासून मावशी त्या दगडावर फूल ठेवत आली होती. आई म्हणायची, "आपलं बाळ आहे ते." बाळ म्हटल्यावर पुढं कोण विचारतं? तेव्हा घरटी एखादं बाळ वर असायचंच.

"ती ओर्फा," हायरम म्हणाला. "पहिली. घटसर्पानं गेली. सव्वा वर्षाची होती. नाव आजीचं, ते मोडू नये म्हणून तू झालीस तेव्हा तुला दिलं. सुईण कागद लिहायला बसली, तर बाबा म्हणाले, या नावाचा कागद सरकारात आहेच की, पुन्हा कशाला? तोच चालेल हिला. मी तिथंच होतो, चुलीत लाकडं सारत. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"आणि मला आजवर सांगितलं नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. तुला सांगायचं नाही आणि त्या दगडावर नाव कोरायचं नाही. म्हणायची, एकीला घेऊन गेलेलं मरण त्याच नावावर दुसरीला शोधत येईल." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "साऱ्या खोऱ्याचे दगड कोरले मी, ओर्फे. तो एक नाही."

त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा, पण आईला दिलेला शब्द मोडताना शाळकरी पोरासारखा मान खाली घालून बसला होता. मावशीला संताप यायला हवा होता. तो आला नाही. तिला त्या सव्वा वर्षाच्या पोरीचं वाईट वाटलं. पोरीला दगडावरसुद्धा स्वतःचं नाव मिळालं नव्हतं, आणि ते आपण बहात्तर वर्षं खुशाल वापरत बसलो, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायरमनं नोरीनसमोर हात वर करून शपथ घेतली आणि सही केली. कागद त्याच दिवशी जलद टपालानं गेले. मावशीनं बॅग भरून दाराशी ठेवली. रोवेनाला आवडतात म्हणून वाळक्या शेंगांची एक माळही तिनं त्यात घातली. रोज टपालाची गाडी आली की ती पोस्टात हजर. नोरीन खिडकीतूनच मान हलवायची. तीन आठवडे तिनं मान हलवली.

वीस फेब्रुवारीला दुपारी उवेचा फोन आला. तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला, तेव्हाच मावशीला कळलं.

"शेवटी विचारलं का रे तिनं?"

"नाही," उवे म्हणाला. "झोपेतच होती."

जावई भला माणूस. खरं असो नसो, तो हेच सांगणार.

पासपोर्ट सव्वीस तारखेला आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नोरीननं तो मावशीच्या टपालाच्या खणात टाकला नाही. पोस्ट बंद केलं आणि स्वतः चालत घेऊन गेली. मावशीनं पाकीट फोडलं, आपला न हसलेला फोटो पाहिला, नाव पाहिलं आणि ते निळं पुस्तक चुलीवरच्या फळीवर ठेवून दिलं. तिला राहून राहून एकच सुचत होतं. दादाचे नऊ दिवस गेले. ते गेले नसते तर हे पुस्तक सतरा तारखेला हातात असतं. विमानाचा एक दिवस धरला, तरी रोवेनाच्या उशाशी दोन दिवस मिळाले असते.

हा हिशोब हायरमलाही जमत होता. त्याच संध्याकाळी तो आला आणि टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"नऊ दिवस मी खाल्ले, ओर्फे."

दुसरी कुणी असती तर जाऊ दे म्हणाली असती. मावशी तसं म्हणाली नाही.

"हो, दादा. खाल्लेस," ती म्हणाली. मग तिनं त्याला आत घेतलं आणि त्याच्यापुढं कॉफी ठेवली.

बर्फ वितळल्यावर हायरम छिन्नी-हातोडी घेऊन डोंगरावर जायला लागला. हात कापायचे म्हणून दिवसाला एक अक्षर. एप्रिल अखेरीस तो मावशीला वर घेऊन गेला. सफरचंदाखालच्या दगडावर ओर्फा मे असं नाव होतं आणि खाली दोन सालं. मावशी दगडाजवळ खाली बसली. जिवंतपणी आपलंच नाव थडग्यावर बघून भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तिनं त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि तिला रडू फुटलं. रोवेना गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

"आईला काय सांगशील?" तिनं विचारलं.

"भेटेल तेव्हा बघू," हायरम म्हणाला. मग त्यानं खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. आमच्याच डोंगराचा तळहाताएवढा चपटा दगड, त्यावर रोवेनाचं नाव. "तिला हे नेऊन दे. उवेनं लाकडी क्रूस लावलाय म्हणालीस ना. लाकूड किती दिवस टिकतंय."

त्या वर्षी मे महिन्यातल्या फुलांच्या रविवारी मावशी डोंगरावर नव्हती. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा. तिची फुलं हायरमनं वाहिली.

ती त्या वेळी जर्मनीतल्या विमानतळावर रांगेत उभी होती. पिशवीत मेणातली फुलं नि तो दगड होता आणि विमानात बसून पाय सुजले होते. खिडकीत एक तरुण साहेब होता. त्यानं पासपोर्टची कोरी पानं चाळली.

"पहिल्यांदाच आलात? कशासाठी?"

नोरीननं हिवाळ्यात घोकून घेतलेलं उत्तर मावशीच्या तोंडून आपसूक बाहेर आलं.

"मुलीला भेटायला."

"अरे वा," साहेब हसून म्हणाला आणि त्यानं शिक्का उचलला. "मग बाहेर थांबली असेल ती तुमच्यासाठी."

"नाही रे बाबा," मावशी म्हणाली. "नाही थांबली."